अण्णांना रिकामे हात हवे होते

आमचे शेजारी शेषराव अण्णा कुठलीही वस्तू घेण्याआधी ती पाडून बघतात. हेल्मेट पाडलं, चष्म्याची फ्रेम पाडली, जेवणाचा डबा तर दुकानाच्या पायऱ्यांवरून गडगडत सोडला. माठ तेवढा नुसता वाजवतात, तेही नाराजीनं. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म माल तपासण्यात गेला. लग्नातल्या जिलेबीलासुद्धा यजमानासमोर "रिजेक्ट!" म्हणतात. आवाज असा, की खाली झोपलेलं कुत्रं उठून बसतं.

परवा म्हणाले, "मास्तर, चला पैठण गेटला. फोनचं कव्हर घ्यायचंय. मागं स्टँडवालं."

दुकानदारानं एक काढलं. "अंकल, छत से गिराओ, कुछ नहीं होता."

"व्हय? कुठंय तुमचं छत?"

"अण्णा, बोलायची पद्धत असते ती," मी म्हणालो.

"मग बोलू नाय!"

स्वतःचा फोन कव्हरात घालून अण्णा स्टुलावर चढले आणि वरून सोडला. फोन शाबूत. मग स्टँड उघडून त्यांनी काउंटरवर मूठ आपटली. फोन उताणा.

"रिजेक्ट! पाय लुळाय याचा."

दुसरं फक्त आडवं उभं राहायचं. "उभं पायजे. कमरेपासून वरचा माणूस दिसला पायजे." तिसरं, चौथं, पाचवं. बघ्यांची गर्दी जमली.

"अंकल, हाथ में पकड़ लो ना फिर!"

"हात रिकामेच पायजेत!" अण्णा गरजले. "नायतर तुझ्याकडं आलो असतो का?"

सहावं पास झालं. दुकानदारानं घाम पुसला.

अण्णांचा चष्मा माझ्या स्कूटरच्या डिकीत राहिला होता. संध्याकाळी द्यायला गेलो, तर दार उघडं आणि घरात चिडीचूप. मी घाबरलोच.

टेबलावर फोन उभा होता. पडद्यावर त्यांची पुण्याची नात, सात वर्षांची जुई. अण्णांचे दोन्ही हात हवेत भराभर चालले होते.

"जन्मापासून ऐकू येत नाय तिला," वहिनी उगाचच हळू आवाजात म्हणाल्या. "तिच्या खुणांच्या भाषेत बहुतेक अक्षरांना दोन-दोन हात लागतात. हे एका हातात फोन धरायचे, अर्धंच पोचायचं. व्याही म्हणाले, पोरीला हातवारे शिकवू नका, लोक बघतात. हे म्हणाले, बघू द्या की! अन् स्वतःच शिकायला बसले, या वयात."

अण्णांचं काहीतरी चुकलं. जुईनं मान हलवली, खूण सावकाश करून दाखवली. अण्णांनी ती तीनदा गिरवली. चौथ्यांदा जमली, तेव्हा पोरीनं दोन्ही पंजे उंच धरून हवेत थरथरवले.

"टाळ्या वाजवतीय," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात जुईला मी दिसलो. तिनं माझ्याकडं बोट करून काही विचारलं. अण्णांनी मला ओढून शेजारी बसवलं.

"तुमचं नाव विचारतीय," ते म्हणाले, आणि माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरून वर उचलले.