बाईंच्या आधी पाणी चाखणारे

एका जंगलात, बाळांनो, एकच पाणवठा होता. तिथे आधी नर पाणी पीत, मग माद्या. नर पिऊन झाले की तिथेच डुंबत. त्यामुळे माद्यांच्या वाट्याला चिखल येई. का, असं विचारू नका. रीत म्हणजे रीत.

एके दिवशी सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, "यंदा पाणवठ्याची सभापती मादीच हवी." मावळता सभापती भिवाजी गवा दोन दिवस चरला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं, की आपल्याला बायको आहे.

तानूबाई बिनविरोध निवडून आल्या. सत्काराचा हार भिवाजीने घातला. स्वतःच्याच गळ्यात.

सभेत तानूबाई बसत आणि भिवाजी बोले. "बाईंचं म्हणणं असं," अशी सुरुवात केली की काम भागत असे.

एकदा भेकरी सभेत उभी राहिली. तिच्या पाडसाला गढूळ पाण्याने हगवण लागली होती. आधीचं एक त्यातच गेलं होतं. ती रडत म्हणाली, "बाई, निदान लेकुरवाळ्यांना तरी आधी पिऊ द्या हो."

"बाईंचं म्हणणं असं," भिवाजी म्हणाला, "की उद्यापासून मादीच सगळ्यांच्या आधी पिणार. स्वतः बाई! मग तर झालं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. समता आली म्हणून माकडांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी तानूबाई पाण्याकडे निघाल्या. भिवाजी आडवा आला.

"थांबा! पाण्यात काही असलं म्हणजे? आधी मी चाखतो."

त्याने चाखलं. मग रानडुकराने चाखलं. मग बाईंच्या काळजीपोटी झाडून सगळ्या नरांनी चाखलं, आणि नीट तपासायला आत उतरले.

शेवटी तानूबाईंनी तोंड लावलं आणि थुंकून टाकलं.

"बाईंचं म्हणणं असं, की पाणी गोड आहे," भिवाजी घाईघाईने म्हणाला.

"तुम्ही गप बसा हो!" तानूबाई कडाडल्या. "जन्मभर हाच चिखल प्यायले, तेव्हा कुणी विचारलं नाही. आज तोच चिखल सभापती प्यायली आहे. उद्यापासून लेकुरवाळ्या आधी. आणि चाखायला कुणी येऊ नका."

भिवाजीने महाराजांकडे धाव घेतली.

महाराज कपाळाला पंजा लावून म्हणाले, "फर्मान माझंच रे. पण ती खरोखरच सभापती होईल, हे मला काय ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी भेकरीचं पाडस पोट भरून नितळ पाणी प्यायलं. भेकरी नुसती बघत राहिली. स्वतः प्यायचं तिला सुचलंच नाही.

तात्पर्य: माद्यांना खुशाल खुर्ची द्यावी. फक्त त्यांना तहान लागत नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं.