पॉइंटवरचे रोडगे

"महाबळेश्वराचं काय सांगता संतोषराव, आमच्या सिद्धेश्वरच्या डोंगरावरून धरण बगा. डोळ्याचं पारणं फिटलं न्हाई तर भागवत नाव लावणार न्हाई."

असं फोनवर बोलून भागवतनं नाव पणाला लावलं. नाव तसंही फारसं वापरात नव्हतं. घरात त्याला 'अहो' म्हणत आणि हिंगोलीतल्या दुकानात 'ओ झेरॉक्स'.

संतोषराव म्हणजे पुण्याचा साडू. चार वर्षांमागं तो बायकोला, आरोहीला, महाबळेश्वरला घेऊन गेला आणि भागवतच्या संसारात बिब्बा पडला. भागवतची बायको पुजा ही आरोहीची थोरली बहीण. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी ती विचारायची, "काहून, महाबळेश्वरात जेवून आलात का?" शेवटी तिनं करार केला. पॉइंट चांगला निघाला तर जलमात महाबळेश्वराचं नाव काढणार न्हाई.

पॉइंट भागवतनं फक्त लोकांच्या स्टेटसला पाहिला होता. जंगलातल्या रस्त्याच्या वळणावर कठडा, दोन बाकडी, खाली निळंशार पाणी. साडू बायकोला घेऊन हिंगोलीला आला. बेत सोपा होता. थर्मासात चहा, बिस्किटं, फोटो, परत.

पण भागवतची आई सुमनबाई मधी पडली. "महादेवाच्या दारात जाऊन बिस्कुटं खाता व्हय? रोडगे घालू."

आता रोडगे म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वर वरण, वांग्याची भाजी. पाच माणसांसाठी रोडगे करायचं सुमनबाईच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिचं माप पन्नासापासून सुरू व्हायचं. गाडीत पुण्याचा साडू मांडीवर पातेलं घेऊन बसला. गोवऱ्यांची गोणी टपावर. ती रात्रीच बांधून ठेवायची हुशारी भागवतची, दवात भिजायचं काम गोवऱ्यांचं.

वर पोचल्यावर संतोषराव कठड्याकडं निघाले तर सुमनबाईनं कणकेची परात पुढं केली. धरण काही पळून जात न्हाई, आदी कणीक मळा म्हणाली. बहिणी वांग्याला बसल्या. भागवत फुंकायला.

ओल्या गोवऱ्यांनी जाळ सोडून बाकी सगळं दिलं. धूर निघाला, कठडा ओलांडून दरीवर गेला आणि सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा तिथंच बसला. हलायचं नाव न्हाई.

हात धुऊन संतोषरावांनी कठड्यावरून वाकून पाहिलं. "धरण कुठंय?"

"ते की, पांढरं दिसून राहिलं."

"तो धूर आहे, भागवतराव."

"त्याच्या खाली."

तेवढ्यात जवळा बाजार गावची एक जीप थांबली. धूर दिसला, मोठं पातेलं दिसलं. भंडाराच असणार! सगळ्यांनी चपला काढल्या आणि रस्त्याच्या कडेला रांगेनं मांडी घातली. त्यांना बघून मागची दोन वाहनं थांबली. भागवत सांगायला निघाला की बाबांनो, हे घरचं हाय. सुमनबाईनं त्याचा हात धरला.

"पंगतीत बसलेल्याला उठवतं का कुणी? वाढ."

भागवतनं वाढलं. साडू पाणी घेऊन मागं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, नवस कुणाला बोलला होतात?

लांबून पुजा म्हणाली, "महाबळेश्वराला."

म्हाताऱ्यानं हात जोडले. "लई जागृत हाय."

मग फटफटीवर वनरक्षक इस्माईलभाई आले. त्यांना खालून वणवा वाटला होता. जंगलात जाळ करायची अक्कल कुणाची, असं ते विचारत होते, तोवर सुमनबाईनं त्यांच्यापुढं पत्रावळ ठेवली. इस्माईलभाईंनी दोन रोडगे तुपात बुडवून शांतपणे खाल्ले, तोंड पुसलं आणि कडक आवाजात म्हणाले, "आता कायदा बराबर पाळायचा. टाका पाणी."

भागवतनं अख्खी कळशी ओतली. आतापर्यंत जो धूर होता तो नुसती तयारी होती, हे तेव्हा कळलं. बाकडी गेली, कठडा गेला, इस्माईलभाईंचा आवाज तेवढा उरला.

धूर विरला तेव्हा दिवस मावळला होता. खाली काहीतरी काळं होतं. ते धरण असावं.

सगळे परत गाडीत बसले. भागवतला रोडगाही मिळाला नव्हता. शेवटी संतोषरावांनाच राहवेना. "भागवतराव, खरं सांगू का? महाबळेश्वरलाही आम्हाला काही दिसलं नव्हतं. तीन दिवस नुसतं धुकं. फोटो सगळे हॉटेलातले आहेत."

आरोही खिडकीबाहेर बघायला लागली. भागवत सीटवर ताठ झाला. चार वर्षांचा वनवास संपला! त्यानं विजयानं बायकोकडं मान वळवली.

"ऐकलं का? तिथंबी काहीच दिसत न्हाई."

"ऐकलं की," पुजा लाल डोळे पदरानं पुसत म्हणाली. "मंग दिवाळीत महाबळेश्वरच. काहीच दिसायचं न्हाई तर तिथं जाऊन न दिसू द्या. डोळे तरी चुरचुरत न्हाईत."