काहीच न करणारा दांडा

आमच्या कारखान्याच्या कुठल्याही मालाला उजव्या बाजूला एक दांडा असतो. तो कशासाठी, हे विचारायचं नसतं.

पहिली ऑर्डर होती भट्टीच्या दाराची. दार उघडायला दांडा लागतो, म्हणून तो नकाशात काढला. डिझाइनवाल्या साहेबांनी मग ती अख्खी जोडणी कॉम्प्युटरवर टेम्पलेट म्हणून ठेवून दिली. नवी ऑर्डर आली की तीच उघडायची, दार काढून दुसरं काही बसवायचं, नाव बदलायचं. दांडा पुसायला गेलं तर चाळीस ठिकाणी लाल खुणा येतात, कारण सगळी मापं त्यालाच बांधलेली. म्हणून तो कपाटाला राहिला, शाळेच्या बाकाला राहिला. मी फिटर. मी आपला बसवत राहिलो.

मग चाकाच्या खुर्चीची ऑर्डर आली. माझा दादा जिन्यावरून पडल्यापासून आठ महिने खिडकीपाशी होता. एकदा स्वतःच्या हातानं गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं, एवढंच त्याचं म्हणणं. पहिली खुर्ची मी त्याच्यासाठी मागून घेतली.

उजवं चाक फिरवायला गेला की दांडा कोपरात बसायचा. मग दादा नुसतं डावं फिरवायचा आणि जागच्या जागी गोल गोल. वहिनी म्हणाली, निदान सगळीकडे तोंड तरी होतंय.

मी साहेबांकडे गेलो. पडद्यावर खुर्ची लोण्यासारखी पळत होती.

"साहेब, यात माणूस कुठंय?"

"माणूस जोडणीचा भाग नाही."

फारच मागं लागलो तेव्हा त्यांनी कुठून तरी एक तयार माणूस आणून पडद्यावरच्या खुर्चीत बसवला. खुर्ची चालली. दांडा त्याच्या कोपरातून आत गेला, पलीकडून बाहेर आला, माणूस हसतमुख. धडक दाखवायची सोय नाही का, विचारलं. आहे, म्हणाले, पण ती चालू केली की कॉम्प्युटर हळू होतो.

आठवड्यानं माझ्या तक्रारीला लेखी उत्तर आलं. यंत्रणेची हालचाल समाधानकारक आढळली. वापरकर्त्याचे कोपर नकाशानुसार नाही. सदर कोपर अडीच इंच आत घेण्यात यावे.

मी घरी करवत काढली आणि दांडा उडवला. दादा निघाला. फाटक, गल्ली, थेट कोपरा. वहिनी दारात उभी राहून डोळे पुसत होती.

अर्ध्या तासानं परतला तो तोंड पाडून. कोपऱ्यावर त्याला आमच्याच कारखान्याच्या खुर्चीतला एक म्हातारा भेटला होता. तिथंच गोल फिरत होता बिचारा.

"त्याच्या खुर्चीला दांडा आहे," दादा म्हणाला. "मला डुप्लिकेट माल आणून दिलास काय रे?"

तासभर समजावलं. ऐकेना. शेवटी वेल्डिंग करून दांडा परत लावला. आता दादा अंगणात गोल फिरतो, दांडा रोज फडक्यानं पुसतो आणि खूश असतो.

हसताय ना? हसा. पण दुकानात सारख्या भावाच्या दोन खुर्च्या ठेवल्या, एक दांड्याची, एक बिनदांड्याची, तर घरी कुठली न्याल? मी विचारतोय कारण दांडा कापून एक आम्ही दुकानात ठेवून बघितली होती. अजून तशीच पडून आहे.