बोडीच्या जागेवर चंद्राचा ताबा

चंद्र मूळचा आमच्या सोनखारीचा आहे हे ठरलं, त्यानंतर त्याच्या जागेवर बसलेल्या पाण्याला नगरपंचायतीने अतिक्रमणाची नोटीस बजावली आणि पाणी सुनावणीला वेळेवर हजर राहिलं.

आधी हे ठरलं कसं ते सांगतो. आमच्याकडे सिद्धांत सत्काराने ठरतो. ज्याच्या अंगावर शाल पडली आणि हातात नारळ आला, त्याचं म्हणणं खरं. एकदा घातलेली शाल काढून घेण्याची रीत गावात नाही, त्यामुळे पुढे कोणालाच काही करता येत नाही. इतर ठिकाणी पुरावे वगैरे मागतात म्हणे. त्या लोकांना वेळ असेल.

प्रा. डॉ. निरंजन वैरागकर हे प्रस्थापित सिद्धांतांना प्रश्न विचारणारे गृहस्थ. प्राचीन इतिहास, खगोलशास्त्र आणि पाणथळींचं संवर्धन या तिन्ही विषयांतलं त्यांना सारखंच कळतं. किती, ते आपण समजून घ्यावं. त्यांचा सिद्धांत असा की गावाबाहेरची मोठी बोडी, म्हणजे आमचं पाणथळ तळं, गोल आहे. चंद्रही गोल आहे. चंद्रावरचे डाग बोडीतल्या चिखलाच्या रंगाचे आहेत. तेव्हा प्राचीन काळी चंद्र या बोडीतूनच निघाला, आणि ज्या राजाने त्याला वर पाठवलं त्याचं नाव इतिहासकारांनी मत्सरापोटी दडवून ठेवलं. आमच्या वाचनालयात त्यांचं व्याख्यान ठेवलं, पण प्रमुख पाहुण्यांना पुढे दोन लग्नं गाठायची होती, म्हणून व्याख्यानाआधीच सत्कार उरकला. प्राध्यापक बोलायला उभे राहिले तेव्हा सिद्धांत खरा होऊन बसला होता. वाचनालयाचा चिटणीस म्हणून आभार मी मानले. आमच्या गावात कशाचेही आभार मीच मानतो.

चंद्राची जागा ठरल्यावर त्या जागेत बसलेलं पाणी आपोआपच बेकायदा ठरलं. सुनावणी नगरपंचायतीच्या सभागृहात झाली. पाण्याला खुर्ची दिली होती, पण प्लास्टिकच्या खुर्चीला पाठीत भोकं असल्यामुळे ते बाकावर बसलं. त्याच्या शेजारी शेवंताबाई दिघोरे. बोडीत शिंगाड्याच्या वेली तिच्या. नवऱ्यामागे ती एकटीच त्या लावते, गळ्याएवढ्या पाण्यात उतरून दिवाळीनंतर तोडते, आणि त्यावर तिच्या घरचं वर्ष निघतं. वेलींना तेव्हा फळ धरलेलं होतं.

नगराध्यक्ष हौसलाल पटले यांनी पाण्याला विचारलं, "सातबारा आहे का तुमच्याजवळ?"

"नाही," पाणी म्हणालं.

"कधीपासून राहता?"

"पाऊस पडायला लागला तेव्हापासून."

"म्हणजे नेमकं सांगता येत नाही," असं म्हणून पटल्यांनी समोरच्या कागदावर रेघ मारली.

शेवंताबाई उठली. "मी विचारू का जी? एवढा मोठा चंद्र या बोडीत मावते कसा?"

प्राध्यापक कळवळले. प्रश्न विचारणं हा ते स्वतःचा धंदा समजतात, दुसऱ्याने विचारला की त्यांना तो अपमान वाटतो. त्यांनी अंगठा डोळ्यासमोर धरला. "बाई, चंद्र या अंगठ्याआड लपतो. बोडी लपते का? नाही लपत. म्हणजे मोठं कोण?"

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचे निवृत्त गणित शिक्षक तर उभे राहून वाजवत होते. मला त्या टाळ्यांची किळस आली.

"पण पाणथळ वाचवाची म्हनत होते ना तुम्ही?" शेवंताबाई म्हणाली. "मागच्या साली फलक लावला, पक्षी वाचवा, बोडी वाचवा. तुमचाच फोटो होता त्याच्यावर."

"वाचवायची म्हणजे तिचं मूळ रूप वाचवायचं," प्राध्यापक म्हणाले. "मूळ रूप चंद्र. पाणी ही नंतरची भर. आणि शंका होती तर सत्काराआधी काढायची होती."

"सत्काराआधी तुम्ही बोललेच कुठी?"

पटल्यांनी घाईने चहा मागवला.

पाण्याला हुसकावून लावणं माणुसकीला धरून नव्हतं, आणि आमची नगरपंचायत माणुसकीला फार जपते. नियमाप्रमाणे विस्थापिताला तेवढीच पर्यायी जागा द्यायची असते. चंद्र इकडे ताबा घ्यायला आला की त्याची आकाशातली जागा मोकळी होणार होती. तीच पाण्याच्या नावे केली.

"वर ऊन फार असतं का?" पाण्याने एवढंच विचारलं.

"हवेशीर आहे," पटले म्हणाले.

मग शेवंताबाईने विचारलं, "आन् माझ्या वेली?"

"वेली पाण्याच्या का जमिनीच्या?"

ती खोटं बोलली असती तर निभावलं असतं. ती म्हणाली, "पाण्याच्याच जी. चिखलात बूड असते, पण जीव पाण्यात."

"मग त्या पाण्यासंगं जातील."

"मग मी बी जातो."

पटल्यांनी तिचं रेशनकार्ड मागवून घेतलं, चष्मा लावून वाचलं. "तुमचा पत्ता जमिनीवरचा आहे, बाई. तुम्हाले नाही जाता येणार."

शेवंताबाई खाली बसली. मी आभार मानले, पाण्याचेही मानले. त्या दिवशी माझ्या तोंडाला कोणी कुलूप लावलं असतं तर बरं झालं असतं.

पाणी सोमवारी गेलं. वेली, कमळं, पाणकणसं आणि सारसाची जोडी घेऊन ते शांतपणे उठलं आणि मोहाच्या झाडांवरून वर चढलं. मासे त्याच्यातच होते. त्याच संध्याकाळी चंद्र आला आणि खड्ड्यात बसला. थोडा सैलच बसला, पण प्राध्यापक म्हणाले की प्राचीन काळी तो अंगाने भरलेला असावा. वरचा अर्धा भाग बाहेर राहतो. तो राखाडी आहे, हात लावला की भुकटी निघते, आणि त्याच्यावर काही उगवत नाही. पर्यटक येतील म्हणून पायऱ्या कोरल्या आहेत. पर्यटक म्हणून अजून प्राध्यापकांचे मेहुणे तेवढे आले.

अडचण एकच उभी राहिली. कॅलेंडरं छापून झालेली होती आणि त्यांत चंद्रोदयाच्या वेळा दिलेल्या होत्या. तेव्हा आकाशातल्या पाण्यालाच यापुढे चंद्र म्हणावं आणि खाली बसलेल्याला स्मारक, असा ठराव झाला. पाण्याने तक्रार केली नाही. ते ठरल्या वेळी उगवतं. वाढणं आणि आटणं त्याच्या अंगवळणी होतंच.

दिवाळी झाली. संकष्टीच्या संध्याकाळी शेवंताबाई टोपली घेऊन स्मारकावर चढली. गावात त्याहून उंच जागा आता नाही. मीही मागोमाग गेलो, कारण मला घरी बसवेना. थोड्या वेळाने मोहांच्या मागून पाणी वर आलं. वेली स्पष्ट दिसत होत्या.

तिने तोंडाशी हात धरून विचारलं, "शिंगाडे पिकले का?"

"काळे पडायला लागले," पाणी वरून म्हणालं. "एकेक गळून तळाशी चाललाय."

"मग थोडे खाली टाक ना बाप्पा."

"तोडायला मला हात नाहीत, बाई."

"माहीत हाये मले," शेवंताबाई म्हणाली. "ते माझेच होते."

खाली अंगणाअंगणांतून उपवासाच्या बायका आरतीची ताटं घेऊन बाहेर आल्या होत्या. घरोघरी मोदक निवत होते. त्यांनी वर पाहिलं आणि त्यांच्यातली एक वैतागून ओरडली, "अवो शेवंताबाई, बाजूले व्हा ना! चंद्र दिसू द्या!"

शेवंताबाईने टोपली उचलली आणि ती बाजूला झाली.