डावीकडं तुरटी, उजवीकडं अत्तर

शेषरावांच्या दोन्ही काखांना मी पहिल्याच दिवशी सारखे गुण दिले, आणि त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

चूक माझीच. जालन्याच्या तहसील कचेरीत मी तेव्हा उमेदवार, म्हणजे नोकरी कायम न झालेला कारकून; ते जुने पेशकार, तहसीलदारांपुढं कागद ठेवणारे. उन्हाळा लागला की त्यांचे प्रयोग सुरू होत. डाव्या काखेत तुरटी, उजव्या काखेत वाळ्याचं अत्तर. दुपारी चारच्या सुमाराला वाटेत दरोडेखोरानं अडवल्यासारखे दोन्ही हात वर करून ते माझ्यापुढं उभे राहत.

"हं, बराबर वास घ्या अन् इन्साफ करा."

पुढं तुरटीविरुद्ध खाण्याचा सोडा झाला, सोड्याविरुद्ध मुलतानी माती. एकदा हैदराबादेहून गुलाबी डब्यातली पावडर आली. तिची तासाभरात काखेतच कणीक झाली. पण काहीही जिंकलं तरी शेषराव खुर्चीत बसून पुटपुटत, "न्हाई, तसं न्हाई जमलं." तसं म्हणजे कसं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

मी मात्र अत्तराच्या पक्षाचा. तुरटी न्हाव्याच्या पेटीतली, अत्तर खानदानी, अशी माझी समजूत. औरंगाबादेहून तालुकदारसाहेब, म्हणजे निजामी अमलातले कलेक्टर, दौऱ्यावर आले, तेव्हा मी घामानं भिजलेल्या शेरवानीच्या काखांत अर्धी कुपी रिकामी केली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि मला कायम करण्याचा कागद बाजूला सारला. "बाद में देखेंगे."

ते 'बाद में' यायला पुरतं वर्ष लागलं, तेही ऐन वैशाखात. शेरवानीचा वास तोवर गेला नव्हता. बायकोनं ती तीनदा धुतली. शेवटच्या खेपेला दोरीवर घातली, तर शेजारची शेळी दावं तोडून गेली. ह्या वेळीही कागद मागं पडला असता, तर मला सासऱ्यांच्या दुकानात तूरडाळ जोखत बसावं लागलं असतं.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी शेषराव बगलेत गाठोडं मारून घरी आले.

"अत्तराला हात लावू नका. अत्तर घामाशी भांडतं, तुरटी त्याला समजावून सांगते. आंघोळ झाली की ओली तुरटी फिरवा, बिलकुल वाळू द्या, मंग ही घाला."

गाठोड्यात काळी शेरवानी होती, नव्यासारखी.

"कुणाची?"

"माझीच. मी घालत न्हाई आता."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खुर्चीला लागून मी पंधरा मिनिटं उभा होतो. माझी नजर त्यांच्या खिशातल्या रुमालावर. रुमाल खिशातच राहिला. साहेबांनी कागद ओढला, सही केली. त्यानंतर मी श्वास सोडला. घ्यायचा कधी थांबवला होता, ते आठवत नाही.

दाराशी शेषराव उभे होते. काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. "आधी हात वर करा," म्हणाले. मी केले. त्यांनी डावीकडं वास घेतला, उजवीकडं घेतला, आणि जरा वेळ तसेच थांबले.

"हां. असंच," एवढं म्हणून ते जागेवर जाऊन बसले.

घरी बायकोनं धुवायला म्हणून शेरवानी उलटी केली. दोन्ही काखांत मलमलीच्या कापूस भरलेल्या लहान गाद्या शिवलेल्या होत्या, घाम टिपायला. शेषरावांची बायको चार वर्षांपूर्वी वारलेली, एवढंच मला ठाऊक होतं.

माझी बायको शेरवानी खिडकीपाशी घेऊन गेली.

"गाद्यांची शिवण बाईच्या हातची आहे, किती बारीक. पण शेरवानीला टाचल्यात त्या मोठ्या वाकड्या टाक्यांनी, अन् दोरा कोरा आहे. तुमच्यासाठी काढून धुतल्या असतील त्यांनी, अन् परत आपल्या हातानं लावल्या."

तिनं शेरवानी सुलटी करून घडी घातली.

"उद्या त्यांना जेवायला घेऊन या. अन् त्यांनी हात वर केले, तर ह्या खेपेला बराबर इन्साफ करा."