मुखेडकर वकिलांची तीन मिनिटं

मुखेडकर वकिलांनी समोरच्याचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. शेजारचे रेड्डी आपले वडील गेल्याचं सांगायला आले. "नान्ना सकाळी उठले, चहा मागितला, अन्‌ मग..." एवढ्यात वकीलसाहेबांचा हात वर. "मुख्तसर सांगा. तुम्ही स्वतः तिथं होता का? ऐकीव पुरावा नको." रेड्डी रडायचे थांबले आणि साक्ष देऊ लागले.

मुख्तसर म्हणजे थोडक्यात. हा नियम फक्त इतरांसाठी. नामपल्लीच्या कोर्टात ते स्वतः बोलायला उभे राहिले की कारकून डबा उघडत. पुढे ते खासदार झाले. लोकांना त्यांचं म्हणणं पटलं म्हणून निवडून दिलं की प्रचारसभा एकदाच्या संपाव्यात म्हणून, यावर आमच्या चिक्कडपल्लीत आजही दोन मतं आहेत.

लोकसभेत मात्र पंचाईत झाली. शून्य प्रहरात बोलायला मिळणार होती फक्त तीन मिनिटं. विषय घरचाच होता. त्यांच्या पत्नी नलिनीबाई नारायणगुड्याच्या मराठी शाळेत मुख्याध्यापिका. मुलं घटली म्हणून जूनपासून शाळा बंद, असा हुकूम आला होता. परराज्यातल्या अशा शाळा वाचवा, हे दिल्लीत कुणीतरी म्हणायला हवं होतं. नलिनीबाईंची झोप उडाली होती. बोलून दाखवायची सोय नव्हती, इतकंच.

मी वकीलसाहेबांचा ज्युनियर, म्हणून भाषणाच्या तालमीसाठी मला अध्यक्ष नेमलं. मी घड्याळ लावून जेवणाच्या टेबलाशी बसलो. तीन मिनिटं झाली तेव्हा वकीलसाहेब निजामाच्या काळात होते. दुसऱ्या खेपेला राज्यपुनर्रचनेपर्यंत पोचले. शाळा काही येईना. "जरा मोहलत द्या," ते मलाच विनवू लागले.

नलिनीबाई दारातून म्हणाल्या, "अहो, त्या वैष्णवीचं सांगा ना, ती आली तेव्हा..."

"हेडबाई, मुख्तसर."

त्या आत निघून गेल्या. मला संताप आला, पण बोललो असतो तर माझंही वाक्य तुटलं असतं.

भाषणाच्या दिवशी नलिनीबाई आणि मी टीव्हीपुढे बसलो. वकीलसाहेब उभे राहिले आणि इंग्रजीत पार्श्वभूमी सुरू झाली. एक मिनिट गेलं. निजाम आले. नलिनीबाईंनी पदराचं टोक बोटाला घट्ट गुंडाळलं. "गेली शाळा," त्या म्हणाल्या.

वकीलसाहेब अचानक थांबले. चष्मा काढला, हातातला कागद बाकावर ठेवला आणि मराठीत बोलू लागले.

"अध्यक्ष महोदय, माझी बायको म्हणते, तिच्या शाळेत वैष्णवी नावाची मुलगी आहे. बाप इस्त्रीची गाडी चालवतो. आधीच्या शाळेत तिला कुणाचं बोलणं कळत नव्हतं. ती दिवसभर गप्प बसायची, तहानलेली घरी जायची. या शाळेत आली आणि पहिल्याच दिवशी तिनं बाईंना पाणी मागितलं. माझी बायको म्हणते..."

घंटी वाजली, माइक बंद झाला. त्यांचे ओठ हलत राहिले आणि पडद्यावर दुसरेच सदस्य दिसू लागले.

"हे मी त्यांना पुरतं सांगितलंच नव्हतं कधी," नलिनीबाई म्हणाल्या. "चहा देताना थोडं, डबा भरताना थोडं. दर वेळी तोडलं त्यांनी." वकीलसाहेबांनी ते सगळे तुकडे जपून ठेवले होते, आणि मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं!

फोन वाजला. तोच आवाज, पण बसलेला.

"हेडबाई, शेवट राहिला. अर्ज लिहून मंत्र्यांकडे स्वतः जातोय. शाळेबद्दल तुम्हाला काय म्हणायचंय ते सांगा."

नलिनीबाई रडत रडत बोलू लागल्या, आणि बराच वेळ बोलत राहिल्या. पलीकडून हूं की चूं नाही. शेवटी त्यांनाच शंका आली.

"अहो, फोन चालू आहे ना?"

"चालू आहे," वकीलसाहेब म्हणाले. "सांगा पुढं."