आर्चबिशपची बायको

आमचे शेजारी खांबेटे रोज सकाळी एका आर्चबिशपला शिव्या घालायचे. आर्चबिशप म्हणजे इथल्या पाद्र्यांचा मोठा साहेब. तो मरून चारशेच्या वर वर्षं झाली. मी म्हटलं, मेल्या माणसाला किती बोलता? तर म्हणाले, "जाधव, मेला म्हणून सुटला का?"

मी चौथी शिकलेला. बायकोला घेऊन परदेशात, क्लोनडॉकिन गावी मुलाकडं आलो, करोनात अडकलो, आणि ती इथंच गेली. मुलगा दिवसभर लॅपटॉपला चिकटलेला. मग कुंपणाशी उभं राहून खांबेट्यांचं ऐकायचं, हाच माझा उद्योग. औषधाच्या कारखान्यातनं रिटायर झाल्यावर हा माणूस मेनूथच्या कॉलेजात जाऊन हा एकच बिशप शिकून आला.

गोष्ट अशी. राजानं धर्म फिरवला, तसा आर्चबिशपही फिरला. देवळातल्या मूर्ती काढल्या, वर लग्न केलं. पुढं राणी आली, तिनं जुना धर्म आणला. बायकोवाला पाद्री चालेना. गादी गेली, तशी ह्यानं बायकोही सोडली. "सांभाळायची नव्हती तर केली कशाला?" हे खांबेट्यांचं पालुपद. भाजी करपली तरी दोष आर्चबिशपचाच.

त्यांची स्वतःची बायको दोन गल्ल्या सोडून म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये होती. माणसं विसरायचा आजार. करोनात आत जाणं बंद झालं. बाहेरून, खिडकीतनं भेटू देत. खांबेटे जात नव्हते. आत सोडत नाहीत, नियम आहे, म्हणायचे. एकदा मी तोंडावर बोललो, "नियम आर्चबिशपलाही होता."

त्या दिवशी शिव्या ऐकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे.

"चला बरोबर. तिनं ओळखलं नाही तर?"

"तुम्ही ओळखा. तेवढं पुरे."

बाई खिडकीशी शाल घेऊन चहा पीत बसलेल्या. खांबेट्यांनी काचेला हात टेकला. मला तर काचही उरली नव्हती, म्हणून मी जरा बाजूला झालो. बाईंनी परक्याकडं बघावं तसं बघितलं. मग बशीतलं बिस्किट उचललं आणि काचेशी धरलं, दारात आलेल्याला द्यावं तसं. बराच वेळ धरून होत्या.

परतताना पाऊस लागला. आता आर्चबिशपचा उद्धार होणार म्हणून मी वाट बघत होतो. खांबेटे कोपऱ्यावर थांबले.

मग म्हणाले, "सोडली, एवढंच लिहिलंय. नंतर कुठल्या खिडकीशी उभा राहत असेल, ते कोण लिहिणार?"